वरच्या मजल्याची बरणी

मिस्त्री रोज सकाळी चूळ भरायच्याही आधी परसात जायचा, टाकीचं झाकण उचलायचा आणि आत नाक घालायचा. "लोक फुलांचा वास घेतात, आणि आमचं ध्यान बघा," असं त्याची बायको वीस वर्षं म्हणत आली होती. पण नाक पक्कं होतं. ओल्या मातीसारखा वास आला की आत सगळं ठीक. त्या दिवशी सडक्या अंड्यांचा भपकारा आला, आणि मिस्त्रीच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे कुणीतरी केलंय.

माणूस हुशार, हातात कसब, पण संशय त्याच्या पाचवीला पुजलेला. भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते चुकून पडलं यावर त्याचा विश्वास बसत नसे.

टाकी त्याने स्वतः बांधली होती. त्याच्या आणि शेजारच्या पार्लरवालीच्या घरातलं सगळं सांडपाणी आधी टाकीत यायचं. गाळ खाली बसायचा, वरचं पाणी खडीच्या वाफ्यातून, कर्दळीच्या मुळांमधून झिरपत जायचं आणि पलीकडे इतकं निवळ निघायचं की त्यावर लिंबाची दोन झाडं पोसली होती. वीज नाही, पंप नाही. राबायचे ते गाळातले जीवाणू. मिस्त्री त्यांना 'आपली मंडळी' म्हणायचा. मंडळींना फिनेल चालत नाही, मंडळींना ॲसिड सोसत नाही, हे तो अशा मायेने सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याची सासुरवाडीच टाकीत राहते.

आता मात्र थट्टेची वेळ नव्हती. पाणीखात्याने तीन नमुने मागितले होते आणि दोन पास झाले होते. तिसरा पास झाला की गल्लीतल्या चाळीस घरांना अशाच टाक्या बांधायची परवानगी मिळणार, आणि बांधणार मिस्त्री. नापास झाला तर गल्ली खणून मोठी गटारलाइन टाकायची, हे ठरलेलं. बारा वर्षं दारोदार फिरून, 'गटाराचा शास्त्रज्ञ' म्हणवून घेऊन त्याने हा दिवस जवळ आणला होता. नमुना घ्यायला खात्याची बाई यायला दहा दिवस उरले होते, आणि कर्दळीची पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. नक्की कुठेतरी पाणी मुरत होतं.

पहिला संशय अर्थात पार्लरवालीवर. केसांचे रंग, ब्लीच, काय न् काय. तो तडक तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

"ताई, खरं सांगा, मोरीत काय ओतता?"

ती एका गिऱ्हाइकाच्या केसांना कात्री लावत होती. "पाच वर्षं जे ओततेय तेच. रंगाचं पाणी त्या कॅनमध्ये. कॅन तुम्हीच दिलाय."

"कॅन काय, दाखवायलाही ठेवता येतो."

तिने कात्री खाली ठेवली. "मिस्त्री, तोंड सांभाळून बोला. मला बोलायला लावू नका."

"बोला की! मनात पाप नसेल तर बोला."

ती बोलणारच होती. मग तिने मिस्त्रीच्या घराच्या वरच्या मजल्याकडे एकदा पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. चोराच्या मनात चांदणं, असं पुटपुटत मिस्त्री मोठ्या समाधानाने घरी आला.

पण पाणीखात्याला पुरावा लागतो. पुराव्यासाठी मिस्त्रीची स्वतःची एक रीत होती. टाकीला तीन पाइप वेगवेगळे येऊन मिळत: एक पार्लरचा, एक खालच्या मजल्याचा, जिथे तो आणि बायको राहायची, आणि एक वरच्या मजल्याचा, जिथे त्याचा थोरला भाऊ, दादा, एकटा राहायचा. प्रत्येक पाइपचं पाणी एकेका बरणीत घ्यायचं, त्यात दुसऱ्या गल्लीतल्या निरोगी टाकीतला पळीभर गाळ घालायचा आणि बरणीच्या तोंडाला फुगा बांधायचा. मंडळी जगली की वायू सुटतो आणि फुगा उभा राहतो. पाण्यात विष असलं की फुगा मान टाकतो. स्वतःच्या घराच्या दोन बरण्या त्याने केवळ न्यायाला धरून मांडल्या.

"माझी पळी घेतलीत?" बायकोने विचारलं.

"नवी आणतो."

"आणि बरणी आपल्या घराचीही? म्हणजे माझ्यावरही पहारा!"

"तुझ्यावर नाही गं. रीत आहे."

"तुमच्या रीतीला एकदा मीच फुगा बांधते," ती म्हणाली आणि आत गेली.

चौथ्या दिवशी पार्लरचा फुगा ताठ उभा होता. खालच्या मजल्याचाही उभा. वरच्या मजल्याचा फुगा बरणीच्या गळ्याशी चिंधीसारखा लोंबत होता.

मिस्त्री बराच वेळ उकिडवा बसून राहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यातून तो फुगा दादाचा निघावा, हे त्याला फार लागलं.

मग संशयाला पाय फुटले. दादाने जन्मभर गाळ उपसायचा टँकर चालवला होता. मिस्त्रीने असल्या टाक्यांचा ध्यास घेतला तेव्हा तो म्हणाला होता, "आमच्या टँकरच्या पोटावर पाय देतोस काय रे?" हसत म्हणाला होता. आता मिस्त्रीला त्या हसण्यातही खोट दिसली. तीन महिने झाले, दादा एक मंगळवार सोडून एक मंगळवारी 'जुन्या टँकरवाल्यांकडे पत्ते खेळायला' जायचा आणि आला की न जेवता झोपायचा. घरातही कानटोपी घालून बसायचा. आणि हल्ली फ्लश दोनदा ओढायचा! पाणी वाचावं म्हणून मिस्त्रीने फ्लशच्या टाकीत वीट ठेवली होती, तरी वरून दोनदा खळखळाट यायचा. "दादा, नदी विकत घेतलीस का?" असं तो एकदा जिन्यातून ओरडलाही होता.

शेवटची काडी किल्लीवाल्याने टाकली. बाजारात भेटला तेव्हा सहज म्हणाला, "तुमच्याकडचा संडास बंद आहे का हो? दादा इथल्या सार्वजनिक संडासात येताना दिसायचे. काठी टेकत टेकत."

मिस्त्रीचे कान तापले. म्हणजे सख्खा भाऊ आपल्या टाकीला नावं ठेवतो, चारचौघांत शोभा करतो. आणि हा टाकी वापरत नाही, तर त्याच्या पाइपमधून विष येतं कुठून? मुद्दाम ओतल्याशिवाय? टँकरवाल्यांनी फितवला असणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मंगळवारी दादा बाहेर पडल्यावर तो वर गेला. कॉटखाली एक खोका होता. त्यात रबरी हातमोजे, जाड पिवळी पिशवी आणि एक बाटली, उघड्या हाताने शिवू नये असं लिहिलेली. सापडला मुद्देमाल! मिस्त्री खोका मांडीवर घेऊन फौजदारासारखा बसून राहिला.

दादा दुपारी आला. भिंत धरत आला.

"हे काय आहे?" मिस्त्री म्हणाला. "कुणी दिलं ओतायला?"

दादाला खुर्चीपर्यंत पोचायला वेळ लागला. बसल्यावर त्याने खोक्याकडे पाहिलं.

"ओतत नाही रे," तो म्हणाला. "गिळतो."

आणि त्याने कानटोपी काढली. डोक्यावर एक केस नव्हता.

"पोटात गाठ आहे. मंगळवारी दवाखान्यात शिरेतून औषध देतात, वर या गोळ्या. नर्स म्हणाली, दोन-तीन दिवस अंगातून ते विषच बाहेर पडतं, दोनदा फ्लश करत जा. मी टँकरवाला, असल्या औषधाने टाकी कशी मरते ते मला चांगलं ठाऊक. म्हणून तेवढे दिवस बाजारात जायचो. पण मागच्या दोन खेपांना पाय चालेनात. एकदा जिन्यातच..." त्याने टोपी मांडीवर सपाट केली. "मग इथेच जावं लागलं. तुझी टाकी मी मारली. माफ कर."

मिस्त्रीच्या मांडीवरचा खोका एकदम जड झाला. "मला सांगायचं नाही?"

"आईच्या आजारपणात तू हातातलं काम टाकून दोन वर्षं उशाशी बसलास. तेव्हा ही परवानगी अशीच हातची गेली होती. म्हटलं, तिसरा नमुना होऊ दे. मग सांगू."

"केस कुणी काढले?" मिस्त्रीने भलतंच विचारलं.

"पार्लरवालीने. गळायला लागले तेव्हा. कुणाला सांगणार नाही म्हणाली होती."

मिस्त्रीने उठून आधी फ्लशच्या टाकीतली वीट काढली. मग ती वीट हातात घेऊनच पार्लरच्या दारात गेला. वीट पाहून गिऱ्हाइक दचकलं. "ताई," तो म्हणाला, आणि पुढे त्याला रडू आलं.

"माझं भांडण नंतर काढू," पार्लरवाली म्हणाली. "आधी त्यांना काहीतरी पातळ खायला द्या. औषधाच्या दिवशी घट्ट जात नाही त्यांना."

नमुन्याची बाई गुरुवारी सकाळी आली, हातात लांब दांड्याची पळी आणि बाटली घेऊन. तिला परसात बसवून मिस्त्री फाटकाकडे वळला, तर दादा काठी घेऊन, चपला घालून जिन्याच्या पायथ्याशी उभा.

"कुठे?"

"बाजारात जाऊन येतो. बाई जाईपर्यंत."

"काढ चपला."

"अरे, आजचा एक दिवस..."

"बारा वर्षं लोकांना सांगतोय, घरातल्या घरात सोय होते म्हणून. आणि माझा भाऊ बाजारात जाणार? वर जा, दादा. पडशील कुठेतरी."

दादा वर गेला. चपला मिस्त्रीने काखेत मारल्या आणि तसाच बाईजवळ येऊन उभा राहिला. तिने झाकण उचललं आणि तोंड फिरवलं.

"वास आहे, मिस्त्री. काही पडलंय का आत?"

"घरात आजारी माणूस आहे. त्याचं औषध पडतं."

"तारीख मला पुढे ढकलता येत नाही हो. आहे तेच पाणी न्यावं लागेल."

"माहीत आहे."

तिने पळी खाली सोडली. तेवढ्यात वरून फ्लशचा आवाज आला, पाइपातून पाणी खळखळत टाकीत पडलं. बाईने पळी वर उचलून धरली आणि मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री वर, खिडकीकडे पाहत होता. एकदाच आवाज आला होता. तो वाट पाहत राहिला. दुसरा येईना.

"दादा!" तो ओरडला. कुंपणापलीकडे पार्लरवाली दारात आली. "दादा, दोनदा! दोनदा ओढ!"

जरा वेळाने वरून दुसऱ्यांदा पाणी आलं. मिस्त्रीने काखेतल्या चपला सावरल्या आणि बाटलीचं झाकण काढून बाईपुढे धरलं.

"हं," तो म्हणाला. "भरा आता."