आष्ट्याच्या स्टँडावरचा फळा

शहात्तर साली आष्ट्यात टीव्ही कुठला दिसायला? गावची चंद्रा मुंबईच्या टीव्हीवर लोकांना पोट धरून हसवते, हे गावाला कळायचं ते पेपरातून. आणि पेपर म्हणजे आदगोंडा. सांगलीच्या एका दैनिकाचा एजंटही तोच, वार्ताहरही तोच. सकाळी एसटीतून गठ्ठा उतरला की ठळक बातम्या तो स्टँडावरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पेपर वाचून दाखवायचा. त्यांत पहिला नंबर चंद्राच्या आईचा. स्टँडावरच्या हंबीररावाच्या हॉटेलात दूध घातलं की लीलाबाई फळ्यासमोर बसलीच.

गेल्या आठवड्यात आदगोंडानं तिची मुलाखत घेतली होती. लेक मुंबईला बोलावून थकली, पण म्हातारी म्हैस सोडून जायला तयार नाही, असं त्यानं झकास लिहिलं. फोटोही म्हशीशेजारी काढला. तिचाच हट्ट होता तो.

आज गठ्ठा सोडला, तर पहिल्याच पानावर मथळा, 'लेक टीव्हीवर, आई गोठ्यात!' फोटो तोच, मजकूर भलताच. चंद्राबाईंनी म्हणे जन्मदातीला वाऱ्यावर सोडलं. आणि खाली ठसठशीत नाव, आदगोंडा पाटील.

"वाच की," लीलाबाई म्हणाली. "फोटू तर झ्याक आलाय."

स्वतः लिहिलेलं त्याला तोंडपाठ होतं. तेच म्हणून दाखवलं असतं तर म्हातारी खूश आणि एजन्सी शाबूत. पण असलं शहाणपण काय चुलीत घालायचंय? त्यानं छापलेलं वाचलं, अक्षरन् अक्षर.

लीलाबाईचा चेहरा उतरला. "हे तू लिवलंस?"

"न्हाई मावशी. पर नाव माझं हाय."

"मग आता रं?"

समोर सांगलीला जाणारी एसटी लागली होती. आदगोंडानं गठ्ठा पुन्हा बांधला आणि कंडक्टरच्या हवाली केला.

"एजन्सी जाईल गड्या," हंबीरराव गल्ल्यावरून म्हणाला. "आपल्याच पोटावर पाय देतोयस."

"जाऊ दे. ऊस तोडीन, पर हा पेपर इकणार न्हाई."

त्यानं फळा पुसला आणि लिहिलं, 'चंद्राबाईंविषयी आज छापलेली बातमी साफ खोटी आहे. आदगोंडा पाटील, वार्ताहर.' मग मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माझं बी नाव घाल," लीलाबाई म्हणाली. त्यानं घातलं. तिनं खडू मागून घेतला, ओल्या अंगठ्यावर खसाखसा चोळला आणि नावाशेजारी अंगठा उठवला.

"उद्या पुसशील न्हवं हे?"

"कशाला पुसू मावशी? उद्या पेपर कुठं येतोय आपल्याकडं?"

"मग ऱ्हाऊ दे," लीलाबाई म्हणाली. "येणारी-जाणारी एसटी वाचंल."