रंध्याची मूठ

कस्तुरीअक्कांनी हळद-मिठाच्या उकळत्या पाण्याचं तिसरं पातेलं ओंडक्यावर उलथं केलं. न्हाणीमागे वाफेचा लोट उठला. सकाळी ओंडक्याच्या बुडाशी कानाच्या पाळीएवढी भूछत्रं दिसली होती. बंगळूरच्या बसवनगुडीत चाळीस वर्षं राहत होत्या त्या, पण त्यांच्या दारात असली घाण उगवायची कधी छाती झाली नव्हती.

"काकू, थांबा! अहो, थांबा ना!"

वरच्या खोलीत राहणारी यशश्री जिना उतरत पळत आली. नागपूरची पोर, कुठल्याशा प्रयोगशाळेत लाकडावर संशोधन करायची. हातात काचेची डबी अन् चाकू होता. भेगाळलेल्या ओंडक्यात तिनं चाकू खुपसून पाहिला. आतूनही वाफच आली. ती मटकन पायरीवर बसली.

"काय गं? तुझ्या अंगावर ओतलं का?"

"गेल्या महिन्यात मी इथूनच एक तुकडा नेला होता. त्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवली. त्यात दुसरीच हिरवी बुरशी शिरली, सगळं वाया गेलं. आज परत न्यायला आले होते, तर तुम्ही ती उकडून मारलीत. सोमवारी सरांना दाखवलं नाही तर माझं काम बंद होईल."

"न विचारता नेलास?"

यशश्रीनं चाकू पाठीमागे लपवला.

"आमच्या मालकांचा ओंडका हाय तो. अठ्ठावीस वर्षं ह्याच्यावर रंधा मारला त्यांनी. ह्या गल्लीतली निम्मी दारं ह्याच्यावरनं गेल्यात. अन् तू येऊन चोरासारखी खरवडतीस!"

"सॉरी, काकू."

"सॉरी तुझ्या सरांना सांग." अक्का आत जायला वळल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. "एवढं काय हाय गं त्या घाणीत?"

"लाकूड ताठ राहतं ते लिग्निनमुळे. आतल्या तंतूंना ते डिंकासारखं धरून ठेवतं. सहसा कुणाला पचत नाही. ही बुरशी मात्र अधाशासारखी तेच खाते. म्हणून लाकूड पांढरं पडतं, भुसभुशीत होतं."

"मग तुला ती कशाला? पाळायला?"

"देवनहळ्ळीकडे द्राक्षाचे वेल आतून असेच कुजतात. आम्ही लिग्निनचेच कण बनवतो. एका केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे बारीक. आत औषध भरून ते वेलात टोचायचे. बुरशी कण खाणार, औषध बाहेर पडणार, ती मरणार. वेल वाचेल. पण कण खरंच फुटतो हे दाखवायला भुकेली बुरशी लागते. एवढी भुकेली दुसरी मिळाली नाही मला."

"म्हणजे लाडवात औषध घालून उंदराला घालायचं."

"हो. तसंच."

"ह्याच्यासाठी एवढं शिकलीस? मला इचारायचं."

यशश्रीला हसू आलं नाही. डोळे पुसत ती जिन्याकडे निघाली.

"स्वल्प थांब."

अक्का देवघरात गेल्या. खालचा खण ओलीनं फुगला होता, दोन हिसक्यांत उघडला. आत जुन्या पंचात गुंडाळलेला रंधा होता. मालक गेले त्या दिवशी त्यांनी हात उचलला तेव्हा तो ओंडक्यावर राहिला, तो पाच वर्षं तिथंच. गेल्या आषाढात पुसताना बोटाला मऊ लागलं, तेव्हा अक्कांनी तो आत आणला. कुणाला सांगितलं नाही. रोज गंध उगाळून झालं की खण उघडून बघायच्या. दसऱ्याला नखाएवढा असलेला पांढरा डाग आता तळहाताएवढा झाला होता. मूठ तेवढी अजून काळीभोर होती, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेली.

"हे बघ. ह्यात हाय का तुझी?"

यशश्रीनं रंधा उजेडात धरला. पांढऱ्या भागात बारीक धागे पसरले होते.

"आहे. जिवंत आहे." तिनं रंधा खाली घेतला. "पण काकू, हा कापावा लागेल मला."

"न्हाई कापला तर?"

"सगळा खाईल ती. वर्षभरात, फार तर दोन."

अक्कांनी पंचाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मूठ सोड. बाकीचं घे."

"एवढं नको, थोडासाच तुकडा..."

"घे म्हटलं न्हवं?"

मालकांची करवत अक्कांनीच आणली. ओंडक्यावर रंधा ठेवून त्यांनी तो पायानं दाबून धरला. पोरीला करवत नीट चालवता येत नव्हती. "दाबू नकोस, नुसती ओढ. तिचं तिला कापू दे," अक्का म्हणाल्या. ते बोलणं त्यांचं नव्हतं, मालकांचं होतं.

लाकडाच्या चिपा डबीत गेल्या. यशश्रीनं डबीवर चिकटवायची चिठ्ठी काढली.

"कुणाकडून मिळालं ते लिहावं लागतं. तुमचं लिहू?"

"माझं कशाला? लाकूड त्यांचं."

"मग काकांचं नाव सांगा ना."

लग्नाच्या दिवशी उंबऱ्यावर, सासू वाट अडवून उभी होती तेव्हा, एकदाच काय ते नवऱ्याचं नाव उखाण्यात अक्कांच्या तोंडून निघालं होतं.

"आण ते पेन."

अथणीच्या शाळेत तिसरीपर्यंत गिरवलेली अक्षरं. चिठ्ठी ओंडक्याच्या ओलीनं भिजत होती. चार अक्षरांना बराच वेळ लागला. यशश्रीनं चिठ्ठी उचलली, फुंकर मारली आणि मोठ्यानं वाचलं.

"रघुपती."

कस्तुरीअक्कांचा हात आपसूक वर गेला आणि पदर डोक्यावर आला.