उजवीकडचा आकडा

हातात चुकीची चिठ्ठी घेऊन तो जिना चढत होता आणि मनातल्या मनात बायकोला झापत होता. पंपांच्या सुट्या भागांचं ते गोदाम. खाली तो गोदामप्रमुख, वर कचेरीत ती. विक्रीचा संगणक वेगळा, गोदामाचा वेगळा, आणि त्या दोन संगणकांचं विळ्याभोपळ्याचं नातं. म्हणून विक्रीकडची प्रत्येक ऑर्डर ती बघून बघून गोदामाच्या संगणकात पुन्हा टाइप करायची, आणि त्यावरून खाली मालाची चिठ्ठी निघायची. अकरा वर्षं.

ती टेबलावर डोकं टेकून बसली होती.

"झोपलीस की काय? पुन्हा नंबर चुकलाय. डोळे कुठे गहाण टाकलेस?"

चार माणसं ऐकत होती. ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत गाठ होती, तिच्यात रक्तस्राव झाला. वर्षभर तरी असणार.

ती गेल्यावर महिन्याभराने मालकांनी संगणकाचं काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं.

"तीन वाटा आहेत, काका," बाई म्हणाल्या. "दोन्ही संगणकांतलं काढून एकच मोठं सॉफ्टवेअर घ्यायचं. नाहीतर आहेत ते ठेवून मध्ये जोडणी बसवायची, म्हणजे इकडची ऑर्डर आपोआप तिकडे. नाहीतर टाइप करायला नवीन माणूस."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," मालक त्याला म्हणाले. "तुम्ही म्हणाल ती पूर्व."

"जोडणी," तो लगेच म्हणाला. कारण सांगितलं नाही. त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्याला बघवणार नव्हतं.

"मग आधी जुन्या नोंदी साफ करायला हव्यात. चुका राहिल्या तर पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच उभा राहील."

दोन दिवसांनी बाईंनी त्याला वर बोलावलं.

"काकूंचं काम सोन्यासारखं होतं हो. दहा वर्षांतल्या चुका बोटांवर मोजाव्यात. शेवटच्या वर्षात मात्र एक्केचाळीस. आणि गंमत बघा..." त्या अडखळल्या. "गंमत नाही, म्हणजे... सगळ्या एकाच जातीच्या. ६२०५चं ६२०. ४४१७चं ४४१. दर वेळी उजवीकडचा शेवटचा आकडा गळलाय. त्या नंबरांच्याही वस्तू आहेत, म्हणून संगणकाने हूं की चूं केलं नाही. जणू तो आकडा त्यांना दिसलाच नाही."

तो पडद्यावरची यादी वरून खाली वाचत गेला.

त्या वर्षात तिचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला सारखा आपटायचा. "महाराणींसाठी दार रुंद करून घेऊ का?" असं तो म्हणायचा. "घ्या की, हौस आहे तर," म्हणत तीही हसायची. आणि प्रत्येक चुकीची चिठ्ठी त्याच्याच हातात आली होती. गिऱ्हाईक आणि माल जुळत नसला की तो विक्रीकडून खरा आकडा विचारून माल बरोबर पाठवायचा आणि चिठ्ठीवर लाल रेघ ओढून ती वर परत धाडायचा; संगणकातली नोंद तशीच राहायची. एक्केचाळीस वेळा. दर वेळी शेवटचाच आकडा का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"मूळ आकडे विक्रीकडे आहेत, पण प्रत्यक्षात कुठला माल गेला ते तुम्हालाच ठाऊक," बाई म्हणाल्या. "तुम्ही घाला. मग चुकांचा मागमूसही राहणार नाही."

"त्या जोडणीत एक करता येईल का?" त्याने विचारलं. "एकच चूक पुन्हा पुन्हा झाली, तर कुणीतरी त्या माणसाला विचारावं. बरं आहे ना, म्हणून."

"कुठल्या माणसाला, काका? मध्ये माणूस असणारच नाही."

"हो. तेही खरंच."

जोडणी तयार होऊन आता दीड महिना झाला. बाकीच्या वर्षांच्या नोंदी त्याने साफ करून दिल्या आहेत. मालक रोज विचारतात. तो "आज बसतो" म्हणतो, वर जातो, संगणक उघडतो, पहिली नोंद समोर घेतो, आणि थोड्या वेळाने तशीच बंद करून खाली येतो.

एक्केचाळीस नोंदी दुरुस्त व्हायच्या राहिल्या आहेत.