सोमणांची मेक्सिकोची तालीम

गंगाधर सोमणांनी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी पाठीवर सॅक टाकून एकट्याने मेक्सिकोला जायचं ठरवलं होतं, आणि घरात मुलाला, सुनेला, कुणालाच सांगितलं नव्हतं. व्हिसा आला होता. एजंटाने तिकीट संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवलं होतं. सांगायचं तेवढं राहिलं होतं, कारण सांगितलं की जावं लागणार, आणि आपल्याला हे जमेल याची त्यांना मुळीच खात्री नव्हती.

म्हणून त्या मंगळवारी त्यांनी तालीम करायचं ठरवलं. दिवसभर सॅक घेऊन फिरायचं, रस्त्यावरचं खायचं आणि निदान एका अनोळखी माणसाशी आपणहून बोलायचं. शेवटची अट अवघड होती. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेली होती. तिथे बोलायला बंदी होती, आणि त्या नोकरीतलं त्यांना तेच सगळ्यात आवडायचं.

मका आणि मिरची दोन्ही मूळची मेक्सिकोकडची, हे त्यांनी वाचलं होतं. तेव्हा आधी चौपाटीवर कणीस, मग लालबागचा मिरची बाजार. फ्रिजवर त्यांनी चिठ्ठी लावली: ‘जातो आहे. जेवायला थांबू नये.’

वाडीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या कोंडीरामने विचारलं, “काका, एवढी मोठी बॅग? गावाला?”

“नाही.”

“मग?”

“असंच.”

गिरगावातल्या वाडीत म्हातारा माणूस सॅक घेऊन ‘असंच’ निघाला, तर त्याचा एकच अर्थ होतो. कोंडीरामने इस्त्री उभी ठेवली. “घरात भांड्याला भांडं लागतंच, काका. सूनबाई मनाने चांगली आहे.”

खुलासा करायचा तर त्यात मेक्सिको येत होतं. “हो, चांगली आहे,” एवढंच सोमण म्हणाले आणि कोंडीरामची खात्री पटली.

चौपाटीवर कणीस घेताना बोलावं लागलं नाही. एक बोट वर केलं, भागलं. लिंबू, मीठ, तिखट लावलेलं कणीस मेक्सिकोवरच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणेच लागलं. दाढेचं मत वेगळं होतं.

लालबागला उतरल्यावर त्यांना सात शिंका आल्या. मग एका ढिगामागे बसलेल्या बाईंना त्यांनी धीर करून विचारलं, “ही कुठली मिरची?”

“ब्याडगी. किती किलोचो मसालो?” शेजारच्या दुकानातून कुणीतरी त्यांना शेवंतीबाय म्हणून हाक मारली.

“मसाला नको. नुसती बघायला आलो.”

“मिरची बघूक?” शेवंतीबायने सॅक पाहिली आणि स्टूल पुढे सरकवलं. “बसा. घरातसून भांडान इलात काय?”

“नाही हो. मी मेक्सिकोला चाललोय.”

हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं. ते स्वतःच जरा दचकले.

“थंय कोण आसा तुमचा?”

“कोणी नाही. ही मिरची मूळची तिकडची.”

शेवंतीबायने ढिगाकडे पाहिलं. “ही? कालच पोती उतारली. ब्याडगीसून इली.”

तेवढ्यात फोन वाजला. सून होती.

“बाबा, कुठे आहात? माझं काही चुकलं का? कोंडीराम म्हणतो तुम्ही घर सोडून गेलात. अख्खी वाडी माझ्याकडे बघतेय! सौमित्र ऑफिसातून निघालाय.”

“नूपुर, कुणाचंच काही चुकलं नाही. मी मेक्सिकोला चाललोय.”

“आत्ता?”

“सतरा तारखेला. आत्ता लालबागला आहे.”

“कोणाबरोबर?”

“एकटाच.”

सोमणांनी सॅकचा पट्टा घट्ट धरून ठेवला.

“भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं हो बाबा,” नूपुर म्हणाली. मग तिने नाक ओढलं. “बीपीच्या गोळ्या किती दिवसांच्या लागतील?”

“बावीस.”

“तीसच्या घ्या. सौमित्रला तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.”

“हो,” सोमण म्हणाले.

शेवंतीबायने मागवलेला चहा आला होता. तो संपवून त्यांनी एजंटाला फोन लावला.

“घरी विचारलंत ना काका?”

“सांगितलं.”

“मग करतो पक्कं. विमानात जेवण व्हेज टाकू?”

“व्हेज टाका,” सोमण म्हणाले. “पुढचं मी तिथे गेल्यावर बघेन.”