सीटवालं यंत्र

वाटणी झाली तेव्हा बनुबाईंनी चार पंचांसमोर थोरल्या लेकाचं, राधाकृष्णाचं, घर धरलं होतं. आई त्याच्याकडं राहायची, जेवायची, त्याच्याच ओटीवर निजायची. मग संध्याकाळ झाली, की ती उठून मेंदीच्या कुंपणापलीकडं धाकट्या सहादेवच्या हिरवळीवर का जाऊन बसते, या विचारानं राधाकृष्णाच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

हिरवळीची हौस मुळात राधाकृष्णाची. कालव्याचं पाणी आलं, उसानं हात दिला, आणि कारखान्याच्या गेस्ट हाउससारखी हिरवळ आपल्या दारात हवी, असं त्याच्या मनानं घेतलं. एका जुन्या साहेबाच्या बंगल्यातून त्यानं बैलानं ओढायचं गवत कापायचं यंत्र आणलं. वर बसायला लोखंडी सीट. चांद्या नावाचा बैल पुढं, राधाकृष्ण सीटवर, पटका बांधून. खुरांनी हिरवळ उखडू नये म्हणून चांद्याच्या चारी पायांत चामड्याचे मोजे घालायचे. ते मोजे चांभाराकडून आईनंच शिवून घेतले होते, आणि बांधायचीही तीच. बैलाच्या पायात मोजे म्हणून गाव फिदीफिदी हसायचं, पण बघायला यायचंच. तेव्हा राधाकृष्णाची छाती फुगायची.

मग सहादेवनं हिरवळ केली. धाकट्यानं थोरल्याचं बघून करायचं, इथवर ठीक. पण पठ्ठ्यानं पुण्याहून मोटारीचं यंत्र आणलं! मागं चालत ढकलायचं, फटफट आवाज करणारं. त्याच सुमाराला राधाकृष्णाच्या यंत्राचं पातं दगडावर आपटून मोडलं, आणि त्याच सुमाराला आई पलीकडं जाऊन बसायला लागली. राधाकृष्णानं पातं मोडणं आणि आईचं जाणं या दोन गोष्टींची गाठ मारली ती कायमची.

"गवत गुळगुळीत हाय न्हवं त्याचं! म्हनून जाती," तो बायकोला, रतनबाईला म्हणाला.

"अवो, सहादेवभाऊजी रोज हाक मारत्यात. 'आई, चहा टाकलाय, ये,' म्हनून. तुमी बी मारा की."

"आपल्याच घरातल्या मान्साला हाक कशाला मारायची? आपलं हिरवळीचं लान चांगलं झालं, की बसंल आपसूक."

रतनबाईनं पदर खोचला आणि ती चुलीकडं गेली. नवऱ्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं, की ते बाहेर काढायला कुणाच्या बापाला जमत नाही, हे तिला पाठ होतं.

राधाकृष्ण नगरला गेला. इंजिनं नि पंप विकणाऱ्या दुकानात दुकानदारानं त्याला हातानं ढकलायचं यंत्र दाखवलं. "हे पोरासोरांचं," म्हणून राधाकृष्णानं ते बाजूला सारलं. मग मोटारीचं दाखवलं, हलकं, कमी तेल खाणारं. हुबेहूब सहादेवच्यासारखं! त्याला राधाकृष्णानं हातही लावला नाही.

"सीटवालं न्हाई का? बसून चालवायचं?"

"आहे एक," दुकानदार चाचरत म्हणाला. "लिलावात घेतलेलं. पण पाटील, तुमच्या अंगणाला फार मोठं होईल ते. वळणार कुठं?"

मोठं होईल, एवढंच राधाकृष्णाच्या कानात शिरलं. सहादेव चालत ढकलतो, आपण बसून चालवू. तो सीटवर चढून बसला, दोन्ही बाजूंना बघितलं, जणू कुंपणापलीकडून कुणी पाहतंच आहे. यंत्र चालू करून बघायचंही त्याला सुचलं नाही.

आता बैलाचं काम उरलं नाही, म्हणून चांद्याला त्यानं घोडेगावच्या बैलबाजाराला धाडलं. दावं सोडताना आईनं विचारलं, "कुठं नेतोस रं त्याला?" तो म्हणाला, "बाजारला." खुंटीवरचे मोजे आईनं काढून आपल्या गाठोड्यात ठेवले.

यंत्र आलं. राधाकृष्णानं पटका बांधला, ओटीसमोर बाज टाकून घेतली, त्यावर स्वच्छ गोधडी अंथरली. कुणासाठी, ते बोलला नाही. यंत्र धडधडलं, धूर ओकलं आणि चाललं. पण खरंच वळेना. कोपऱ्याकोपऱ्यात शेंडीसारखं गवत राहिलं, तुळशीची कुंडी फुटली. कापलेल्या गवताला तेलाचा असा वास, की दारच्या गाईनं हुंगून तोंड फिरवलं. तरी राधाकृष्ण सीटवर ताठ बसून फेऱ्या मारत राहिला. आई ओटीवर बसून बघत होती. त्याचं सगळं लक्ष तिच्याकडं, आणि तोंड मात्र समोर.

"आई, चहा टाकलाय, ये गं!" कुंपणापलीकडून आवाज आला.

आई उठली. गाठोड्यातून काहीतरी काढून पदराखाली घेतलं आणि गेली. बाज रिकामीच राहिली.

राधाकृष्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र तसंच धडधडत ठेवून तो कुंपणाशी गेला आणि पलीकडं बघून जागीच थिजला. सहादेवच्या हिरवळीवर चांद्या उभा होता. आई खाली बसून त्याच्या पायात मोजे बांधत होती. मोजे बांधून होताच चांद्या हिरवळीवर खुशाल चरायला लागला, आणि सहादेव, ज्याचं पुण्याचं यंत्र कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलं होतं, तो बैलाच्या वशिंडावरून हात फिरवत हसत होता. बाजारातून त्यानंच गुपचूप सोडवून आणला होता.

आपली आई, आपला बैल, आपल्याच बैलाचे मोजे! राधाकृष्णानं हाक दिली.

"चांद्याऽऽ! हो, हो!"

चांद्यानं मान वर केली. तोंडातलं गवत टाकलं, सहादेवचा हात झटकला आणि मोज्यांनी धपधप करत थेट कुंपणाशी आला. मेंदीवरून मान काढून त्यानं राधाकृष्णाच्या छातीला नाक लावलं. राधाकृष्णानं त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि धाकट्याकडं असं बघितलं, की जणू कुस्तीच मारली.

"बघ, कुनाचा हाय त्यो!"

आई गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उभी राहिली.

"राधू, बैलाला हाक मारलीस, त्यो आला," ती म्हणाली. "मला कदी मारलीस रं?"

राधाकृष्णानं तोंड उघडलं. मागं यंत्र आचके देऊन बंद पडलं. आवार एकदम शांत झालं. हात चांद्याच्या कपाळावरच राहिला.

"दादा," पलीकडून सहादेव म्हणाला, "तू बी ये की. चहा हाय."

ही हाकसुद्धा सहादेवनंच मारली होती.