दोन कुंड्यांतली गांडुळं

तलवाड्याच्या वनमालाने तिसऱ्यांदा दोन कुंड्या भरल्या. एकीत बांधावरची माती घेतली, दुसरीत तिच्या शेतातली. तिचे थोरले दीर रामकिसन त्या शेतात वर्षभर आपल्या पोल्ट्रीची ओली घाण खत म्हणून ओतत होते. दोन्हींत तिने दहा-दहा गांडुळं सोडली.

सकाळी बांधाच्या मातीतली गांडुळं खोल गेली होती. शेताच्या मातीतली वर येऊन काठाशी मेली होती.

तिने दिरांना बोलावलं. "भावजी, ही घाण माती मारतीया, सांगून सांगून लई दमले. आता तुमीच बघा."

रामकिसन उकिडवे बसून बराच वेळ माती उकरत राहिले.

"वनमाला, माझ्या विहिरीजवळबी हेच टाकलंय," ते हळूच म्हणाले.

आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद तिला झाला नाही. "मग तिथलीबी माती आणा," म्हणत तिने मेलेली गांडुळं वेचायला घेतली.