बर्फावरून आलेलं पाकीट

भूकंपात बुशराच्या अब्बांचं, जिलानीभाईंचं, निलंग्यातलं रबरी शिक्क्यांचं दुकान बसलं, तिच्या शाळेला भेगा पडल्या. शाबूत राहिलं ते बुशराचं डॉक्टर व्हायचं वेड! त्यासाठी लातुरात वैजनाथ सरांचाच क्लास हवा, अन् तिथले प्रवेश तर कधीच बंद.

परवा हात हलवत परतताना अब्बांना सरांच्या भिंतीवर काचेतली पाकिटं दिसली. सगळी जहाजांवरून, बर्फाच्या मुलखांतून टपालानं आलेली.

"आपल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचं तेवढं मिळेना बघा," सर हळहळले.

"माझा चुलतभाऊ त्याच जहाजावर खानसामा होता," अब्बा बोलून गेले. कुठला चुलतभाऊ अन् कुठलं जहाज!

पाकिटाच्या बदल्यात प्रवेश मागायचा म्हणून घरी अब्बांनी जहाजाचा गोल शिक्का कोरला. पाकिटाला चहाचं पाणी पाजून जुनं केलं. तारीख टाकली जानेवारी ब्याऐंशी. निलंग्याचा, घरचा पत्ता बुशरानं लिहिला, 'ल'ला झोकदार शेपूट काढत.

आज सर भिंग घेऊन पाकिटावर वाकले. "वा! शिक्का झकास." भिंग सरकत सरकत पत्त्यातल्या 'जि. लातूर'वर थांबलं.

"जिलानीभाई, तेव्हा निलंगा कुठल्या जिल्ह्यात होता हो?"

"उस्मानाबा..." अब्बांनी जीभ चावली. लातूर जिल्हा झाला त्याच साली, पण ऑगस्टात! बुशरा तेव्हा एवढीशी; तिला दुसरा जिल्हा ठाऊकच नव्हता. अन् अब्बांचा सगळा जीव शिक्क्यात.

"बर्फावर बसून तुमच्या भावाला आधीच कळलं व्हय?"

"गुन्हा माझा हाय, सर. पत्ता बी मीच लिहिला. पोरीला काहीच ठाऊक न्हाई."

"असं? मग पोरीचा काय दोष?" सरांनी प्रवेशाचं कार्ड पुढं सरकवलं. "लिही बाळ, नाव, पत्ता."

प्रवेश! तिनं पेन उचललं, अन् सर तिचं अक्षर बघायला टपून राहिलेत ते तिच्या ध्यानात आलं.

"द्या, मी भरतो," अब्बा कळवळले. "तिचा हात दुखून राहिला."

वाकडंतिकडं लिहिलं असतं तर जागा तिची होती. पण मग खोटारडे ठरणार एकटे अब्बा. तिनं नाव लिहिलं, गाव लिहिलं, अन् शेवटी तीच झोकदार शेपटी काढत, 'जि. लातूर'.

सरांनी कार्ड पाकिटाशेजारी धरलं. मग त्यावर सही न करताच ते ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं.

अब्बा जिन्यात मटकन बसले. "येडे, वाकडं लिहायचं न्हाई का!"

बुशरानं त्यांचा हात घट्ट धरला.

वरून सरांचा आवाज आला, "पुढचा कोण?"